पहाटेचं चालणं कालच्या खात्यात का जातं?

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. त्यामुळे होम मैदानावर येणारी बरीच मंडळी उजाडायच्या आत फेऱ्या उरकून घेतात. समजा, त्यातल्या एका काकांनी पहाटे 5 ते 5:25 चालून झाल्यावर फोनला सांगितलं, "आजचं चालणं टाक बघ." फिटनेस ॲपमधल्या एआय एजंटने, म्हणजे सांगितलेलं काम ॲपमध्ये करून देणाऱ्या मदतनिसाने, ते इमानदारीत टाकलं, पण कालच्या तारखेला! आजचा रकाना कोरा, आणि काल मात्र काका दोनदा चालल्याची नोंद.

फोन बिघडलेला नाही, काकाही चुकलेले नाहीत. बहुतेक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळ, म्हणजे यूटीसी पाळतात आणि आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे चालतं. आपल्याकडे पहाटेचे 5:25 होतात तेव्हा यूटीसीत आदल्या रात्रीचे 11:55 झालेले असतात. साडेपाचनंतर चालायला निघणाऱ्याला हा घोळ कधी भेटतच नाही, त्यामुळे तो सहसा सापडतही नाही. मूळ कुठे? नोंद करणाऱ्या टूलच्या वर्णनात नुसतं 'तारीख' लिहिलंय. कुठल्या घड्याळाची, ते लिहिलेलं नाही.

हे 'टूल' म्हणजे ॲपमधलं एखादं काम करून देणारा कोड. चालणं नोंदवणं, वजन टाकणं, आठवड्याचा हिशेब काढणं, अशी प्रत्येक कामाची वेगळी टूल्स असतात. एजंटचा मेंदू असलेलं भाषा-मॉडेल (आपलं बोलणं समजून मजकूर लिहिणारं एआय) ती स्वतः चालवत नाही. कोणतं टूल हवं आणि त्यात कोणती माहिती भरायची, एवढंच ते ठरलेल्या साच्यात लिहून देतं. ॲप ते चालवतं आणि निकाल मॉडेलपुढे ठेवतं. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने 2023 मध्ये 'फंक्शन कॉलिंग' आणल्यावर ही पद्धत रुळली. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' खुला केला आणि टूल्स जोडायची एक सामाईक रीत मिळाली.

कळीची गोष्ट अशी, की आतला कोड मॉडेलला सहसा दिसत नाही. दिसतं ते टूलचं नाव, वर्णन आणि रकान्यांची यादी. फडताळात झाकणबंद डबे असावेत आणि बाहेरच्या चिठ्ठ्या वाचून स्वयंपाक करायचा, तशातला प्रकार. बरं, मॉडेलकडे स्वतःचं घड्याळही नसतं. आत्ता किती वाजले हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

आता जेवणाकडे वळू. काका म्हणाले, "दोन कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी." टूलच्या वर्णनात 'आहार नोंदवतो' हे दोन शब्द आणि 'प्रमाण' नावाचा रकाना. कोडमध्ये तो रकाना ग्रॅमचा आहे, पण हे फक्त प्रोग्रामरला ठाऊक. एजंटने 2 लिहिलं आणि दोन भाकऱ्यांच्या जागी दोन ग्रॅम भाकरी नोंदली गेली, जेमतेम 7 किलोकॅलरी. बरोबर ग्रॅम लिहिले तरी एक प्रश्न उरतोच. कडक भाकरीतलं पाणी जवळजवळ निघून गेलेलं असतं, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या मऊ भाकरीपेक्षा तिच्यात ऊर्जा जास्त. चटणीचं तर विचारूच नका: शेंगदाण्यात 100 ग्रॅममागे साधारण 565 किलोकॅलरी असतात, तिथे चमचा लहान की मोठा यानेही हिशेब हलतो.

तेच वर्णन असं लिहून पाहा: "वापरकर्त्याने खाल्लेला पदार्थ नोंदवतो. खाऊन झालेल्या पदार्थासाठीच वापरा. 'रात्री काय खाऊ' अशा प्रश्नासाठी नको. प्रमाणासोबत एकक सक्तीचे: नग, चमचा किंवा ग्रॅम. नग सांगितले असतील तर नगच पाठवा, मनाने ग्रॅम काढू नका. भाकरी कडक की मऊ हे कळत नसेल तर विचारा. उत्तरात नोंदीचा क्रमांक आणि ऊर्जा किलोकॅलरीत मिळते."

यातलं 'कशासाठी नको' हे वाक्य लोक हटकून गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त काम तेच करतं. तालमीतला पोरगा "आज 80 मारले" म्हणाला, तर ते उचललेलं वजन. ते शरीराच्या वजनात जाऊन बसलं की पुढचे सगळे आलेख वाकडे. व्यायाम नोंदवणारं आणि शरीराचं वजन नोंदवणारं, या दोन्ही टूल्सच्या वर्णनात एकमेकांचा उल्लेख हवा. रकान्याचं नावही नुसतं 'वजन' न ठेवता 'वजन_किलो' ठेवावं. किलो आणि पाउंड यांत सव्वादोन पटींच्या आसपास फरक पडतो.

मात्र सगळा भार वर्णनावर टाकणंही बरोबर नाही. वेळेचं गणित एजंटकडून करून घेण्यापेक्षा त्याने स्थानिक वेळ +05:30 या खुणेसह पाठवावी आणि दिवस कोणता ते कोडने ठरवावं. नोंद पुसण्याआधीची परवानगी ॲपनेच मागावी. वर्णनं फार लांबली तर प्रत्येक संभाषणात तेवढा मजकूर मॉडेलपुढे जातो आणि खर्च वाढतो, हेही आहेच.

काही चुकलं की टूल जो संदेश परत पाठवतं, त्याकडे तर कुणी बघतच नाही. 'चूक 400' म्हणजे मागणी चुकीची, एवढंच. ते वाचून एजंट तोच आकडा पुन्हा पाठवत बसू शकतो. 'वजन_किलो 20 ते 300 मध्ये हवे, 7200 आले. ग्रॅम पाठवले का?' असं उत्तर आलं, तर 7.2 किलोही 20 च्या खालीच हे ओळखून, बहुधा पुढच्याच खेपेला ते न पाठवता तो काकांनाच विचारतो.