काळ्या लोकांचा मताधिकार खरंच 'एक्स्पायर' होणार का?

अमेरिकेतल्या काळ्या लोकांना मतदानाचा हक्क फक्त ठरावीक वर्षांसाठी दिलाय, मुदत संपली की जाणार, असा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. आधी ईमेलवर २००७ साल सांगायचे.

तर तसं नाहीये. वंशावरून मताधिकार नाकारता येणार नाही हे अमेरिकेच्या घटनेच्या १५ व्या दुरुस्तीत १८७० सालीच आलं आणि त्याला मुदतच नाही. पण दक्षिणेतल्या राज्यांनी पुढे साक्षरतेच्या परीक्षा, मतदानासाठी टॅक्स असल्या अडचणी घालून तो हक्क जवळपास कागदावरच ठेवला, म्हणून १९६५ चा मताधिकार कायदा आणावा लागला. खरी मुदत आहे ती या कायद्यातल्या काही कलमांना, त्यातलं मुख्य म्हणजे ज्या भागांचा मतदानात वंशावरून भेदभाव करण्याचा इतिहास त्यांनी मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायची. सुरुवातीला ते ५ वर्षांपुरतं होतं, मग १९७०, १९७५, १९८२ असं वाढत गेलं, आणि १९८२ ची वाढ २५ वर्षांची, म्हणून ते २००७! नंतर २००६ मध्ये परत २५ वर्षं वाढवलं, पण कुठल्या भागांना लागू हे ठरवणारा निकषच कोर्टाने २०१३ मध्ये रद्द केला, त्यामुळे ती परवानगी तेव्हापासून बंदच पडलीय. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याची काळजी अगदीच हवेतली नव्हती, फक्त संरक्षणाची मुदत हक्कालाच चिकटवली.

चेक करायचं तर १५ वी दुरुस्ती नेटवर काढून वाचा, दोनच छोटी कलमं आहेत, मुदतीची तारीख कुठेच सापडणार नाही.