सत्तावीस रेषा आणि एक पाद्री

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने १८६६ साली जॉर्ज सॅमन यांना धर्मशास्त्राचे रेजियस प्राध्यापक नेमले, तेव्हा त्यांची गणिताची पाठ्यपुस्तके युरोपभर वाचली जात होती. पंचविशीच्या सुमारास त्यांनी पाद्रीपदाची दीक्षा घेतली होती, पण पुढची वीस वर्षे त्यांचे खरे लेखन भूमिती आणि बीजगणितातच झाले. शांकवांवरचा (शंकू प्रतलाने छेदून मिळणाऱ्या वक्रांवरचा) त्यांचा ग्रंथ १८४८ मध्ये निघाला आणि विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर पोसल्या गेल्या.

त्यांचे नाव ज्या शोधाशी कायमचे जोडले गेले, तो १८४९ सालचा आहे. तिसऱ्या घाताच्या समीकरणाने दर्शवलेल्या, कोठेही टोक किंवा घडी नसलेल्या पृष्ठावर सरळ रेषा असतात आणि त्यांची संख्या मर्यादित असते, हे इंग्लिश गणिती आर्थर केली यांच्या लक्षात आले. ती संख्या नेमकी २७ आहे, हे सॅमन यांनी दाखवले. मोजणी मोठी देखणी आहे. पृष्ठाला तीन रेषांत छेदणारे एक प्रतल घ्या. त्यांपैकी प्रत्येक रेषेतून अशीच आणखी चार प्रतले जातात आणि प्रत्येक प्रतल दोन नव्या रेषा देते. म्हणजे १२ प्रतलांतून २४ रेषा मिळतात, आणि मूळच्या तीन धरून २७ होतात. पृष्ठावरची कोणतीही रेषा पहिल्या प्रतलाला त्या तिघींपैकी एकीवरच भेटणार, म्हणून यातून एकही सुटत नाही. अर्थात संमिश्र संख्याही (ऋण संख्यांची वर्गमुळे सामावून घेणाऱ्या) हिशेबात धरल्या तरच २७ भरतात. डोळ्यांना दिसणाऱ्या रेषा कधी कधी तीनच असतात.

प्राध्यापकपद मिळाल्यावर नवे गणित जवळजवळ थांबले. माझ्या मते यात गणिताचे नुकसान झाले, तरी तर्काची धार गेली नाही. चर्चच्या अस्खलनशीलतेवरील १८८८ च्या ग्रंथात त्यांचा एक मुद्दा शुद्ध गणिती वळणाचा आहे: अमुक मार्गदर्शक कधीच चुकत नाही हे ठरवणारी बुद्धी आपलीच, चुकू शकणारी असते, मग त्या निर्णयाला तिच्याहून अधिक खात्री कोठून येणार?

त्याच वर्षी ते कॉलेजचे प्रमुख झाले आणि १९०४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. गणित सोडून दोन दशके उलटल्यावर, १८८९ मध्ये, रॉयल सोसायटीने त्यांना कोपली पदक दिले. आकडेमोडीचा नाद मात्र सुटला नव्हता. मूळ संख्यांचे व्यस्त दशांशात लिहिले की किती अंकांनी आवर्तन होते (१/७ मध्ये सहा, १/१७ मध्ये सोळा), हे मोठमोठ्या मूळ संख्यांसाठी हाताने काढत बसणे हा त्यांचा विरंगुळा होता.