१२० आणि ६२० : फिल्म एक, रिळे दोन

जुना मीडियम फॉरमॅट (३५ मिमीहून रुंद रोल फिल्म वापरणारा) फोल्डिंग कॅमेरा हाती आला, भाता (भिंग आणि पाठ यांमधली घडीची पिशवी) पूर्ण उघडून आतून दिवा लावून छिद्रे तपासली आणि शटरचे संथ वेग अडखळत नाहीत याची खात्री झाली, की पुढचा प्रश्न त्यात कोणती फिल्म घालायची हा असतो. पाठीच्या आतल्या बाजूला कधी १२० लिहिलेले आढळते, कधी ६२०. दोन्ही आकडे पाहून अनेकांना या वेगवेगळ्या मापांच्या फिल्म वाटतात, तर काहींना ही एकाच वस्तूची दोन नावे वाटतात. दोन्ही समज अर्धेच बरोबर आहेत आणि त्यांतल्या कोणत्याही एकावर विसंबून फिल्म भरली तर रोल वाया जाण्याची शक्यता आहे.

आधी साम्य पाहू. १२० आणि ६२० यांतील फिल्म एकच आहे. तिची रुंदी सुमारे ६१ मिमी असते, लांबी सारखीच असते आणि पाठीमागचा संरक्षक कागदही सारखाच असतो. त्या कागदावरील आकड्यांच्या ओळींमुळे एकाच रोलवर ६×९ सेंमीची ८, ६×६ सेंमीची १२ किंवा ६×४.५ सेंमीची १६ चित्रे घेता येतात. म्हणून चित्राचा आकार आणि गुणवत्ता यांचा या दोन आकड्यांशी काहीही संबंध नाही. हे आकडे कोणत्याही मापाचे द्योतकही नाहीत. १२० फिल्म कोडॅकने १९०१ साली नंबर २ ब्राउनी या पेटीच्या कॅमेऱ्यासाठी आणली, आणि १२० हा पुढे कोडॅकने आपल्या रोल फिल्मना ओळीने दिलेल्या क्रमांकांपैकी एक आहे.

फरक आहे तो रिळाचा. १२० च्या रिळाचा गाभा जाड असतो. पूर्वी तो लाकडी असे, आता संपूर्ण रीळ प्लॅस्टिकचे असते. ६२० चे रीळ धातूचे असून त्याचा गाभा बराच बारीक असतो. दोन्ही टोकांच्या चकत्याही लहान असतात: १२० ची चकती सुमारे २५ मिमी व्यासाची, तर ६२० ची सुमारे २३ मिमी. चकतीच्या मध्यभागी जिथे गुंडाळण्याच्या किल्लीचे पाते अडकते ती खाचही ६२० मध्ये अरुंद असते. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला कोडॅकने हे रीळ बाजारात आणले. बारीक रिळामुळे कॅमेरा थोडा सडपातळ करता आला हे खरे आहे, परंतु कोडॅकचा कॅमेरा घेणाऱ्याला कोडॅकचीच फिल्म घ्यावी लागावी हा हेतूही त्यामागे असावा, असे माझे मत आहे. ६२० रिळावरील फिल्म बनवणे कोडॅकने १९९५ मध्ये थांबवले. १२० मात्र आजही नियमित बनते, कारण नंतरच्या बहुतेक सर्व मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यांनी तेच रीळ स्वीकारले.

झाइस इकॉनचे नेटार व इकोंटा, आगफाचे इझोलेट, फोक्टलेंडरचे पेर्केओ आणि सोव्हिएत मोस्कवा हे कॅमेरे १२० चे आहेत. कोडॅकच्या ज्या फोल्डिंग कॅमेऱ्यांच्या नावात ‘सिक्स-२०’ येते ते ६२० चे: स्टुटगार्टमध्ये बनलेला ड्युओ सिक्स-२०, व्हिजिलंट सिक्स-२०, आणि त्या सर्वांत मला अधिक जवळचा वाटणारा मॉनिटर सिक्स-२०. नावावरून उलगडा होत नसेल तर कॅमेऱ्यात राहिलेले रिकामे रीळ पाहावे. गाभा पेन्सिलीइतका बारीक आणि धातूचा असेल तर कॅमेरा ६२० चा आहे.

१२० चे रीळ ६२० च्या कॅमेऱ्यात जोर लावून बसवण्याचा मोह टाळावा. चकत्या कप्प्याच्या भिंतींना घासतात, किल्ली जड फिरते, आणि अखेर कागद फाटतो किंवा फिल्म सैल गुंडाळली जाऊन कडांनी उजेड आत शिरतो. नेलकटरने चकत्यांची कडा कापून रीळ बसवण्याची युक्ती काही कॅमेऱ्यांत चालते, पण ती फक्त फिल्म सुटते त्या बाजूला. ज्या बाजूला फिल्म गुंडाळली जाते तिथे ६२० चेच रीळ लागते, नाहीतर किल्लीचे पाते नीट बसत नाही. शिवाय कापलेल्या कडांचे बारीक कण कॅमेऱ्यात राहून फिल्मवर ओरखडे पाडू शकतात. मी ही युक्ती सुचवत नाही.

अधिक भरवशाचा मार्ग म्हणजे १२० ची फिल्म ६२० च्या रिळावर स्वतः गुंडाळून घेणे. हे काम पूर्ण अंधारात, चेंजिंग बॅगमध्ये (हात घालायला बाह्या असलेल्या प्रकाशबंद पिशवीत) किंवा डार्करूममध्ये करायचे असते. फिल्म आणि कागद आधी एका रिकाम्या रिळावर घ्यायचे आणि तिथून ६२० च्या रिळावर. दोनदा गुंडाळावे लागते, कारण एकदाच गुंडाळल्यास कागदाचे जे टोक कॅमेऱ्यात सर्वांत आधी बाहेर यायला हवे तेच गाभ्याशी जाते. फिल्म कागदाला केवळ सुरुवातीच्या टोकाशी चिकटपट्टीने जोडलेली असते, दुसरे टोक मोकळे असते. दुसऱ्या फेरीत हे मोकळे टोक आधी हाताला लागते. ते कागदासोबत सरळ आत जाईल अशा बेताने बोटाने दाबून धरावे आणि पुढे घट्ट ताण ठेवून गुंडाळत जावे. चिकटपट्टीपाशी पोहोचल्यावर बहुधा फिल्मला फुगवटा आलेला जाणवतो, कारण बारीक गाभ्यावर फिल्म आणि कागद यांचे वेढे पूर्वीसारखे जुळत नाहीत. तो दाबून तसाच गुंडाळला तर घडी पडते. चिकटपट्टी सावकाश सोडवावी, फिल्म सपाट करून पुन्हा चिकटवावी. झटक्यात ओढल्यास चिकटपट्टीतून मंद प्रकाश निघतो, म्हणून सावकाश. बॅगेत हातांना घाम येतो आणि दमट फिल्म बोटांना चिकटते. त्यामुळे एक जुना वाया गेलेला रोल घेऊन आधी उजेडात, मग डोळे मिटून सराव करावा.

पाठीवरच्या लाल खिडकीतून आकडा पाहून फिल्म सरकवायच्या कॅमेऱ्यांत पुढे काही अडचण येत नाही, कारण कागद तोच असल्याने आकडे जागेवरच दिसतात. मात्र आजची पॅनक्रोमॅटिक फिल्म लाल प्रकाशालाही संवेदनशील असते, जुनी ऑर्थोक्रोमॅटिक तशी नव्हती. म्हणून खिडकीला झाकण नसेल तर फिल्म सरकवतानाही ती सावलीत धरावी आणि एरवी काळ्या पट्टीने बंद ठेवावी. याच कारणाने १९६५ मध्ये आलेली २२० फिल्म यात वापरू नये. तिचे रीळ १२० चेच असले तरी चित्रांच्या भागामागे कागदच नसतो.

इतके कष्ट घेऊन ६२० चा कॅमेरा घ्यावा का? पहिलाच फोल्डिंग कॅमेरा असेल तर १२० चा घ्यावा. परंतु चांगल्या स्थितीतला मॉनिटर, त्यातही १०१ मिमीचे एफ/४.५ अनॅस्टिग्मॅट स्पेशल भिंग असलेला, समोर आला तर केवळ रिळाच्या भीतीने तो सोडू नये. घेताना आत किमान एक ६२० चे रिकामे रीळ आहे का ते पाहावे, गुंडाळणीसाठी आणखी एक मिळवावे, आणि फिल्म डेव्हलप करायला देताना धातूचे रीळ परत हवे असल्याचे पाकिटावर ठळक लिहावे, कारण १२० ची रिकामी रिळे लॅबमध्ये सहसा टाकूनच देतात.