‘आपल्यात जमेल’ हे मोजायचं कसं?

नोकरीवर माणूस घेताना ‘हा आपल्यात जमेल’ असं आपण बहुतेकदा मुलाखतीतल्या गप्पांवरून ठरवतो. संशोधक जेसन डाना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली याबद्दल एक खोडसाळ प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्यांची मुलाखत घ्यायची आणि त्यांना किती गुण मिळतील याचा अंदाज बांधायचा. आधीच्या परीक्षांचे गुण हाताशी होतेच. मुलाखत देणाऱ्यांपैकी काहींना मात्र गुपचूप सांगितलं होतं, की खरी उत्तरं देऊ नका. प्रश्नातल्या अक्षरांवरून ठरणाऱ्या एका नियमानं उत्तरं देत जा. एकाही मुलाखत घेणाऱ्याला संशय आला नाही. त्या असंबद्ध उत्तरांतूनही त्यांनी समोरच्याचं सुसंगत चित्र उभं केलं, आणि नुसते जुने गुण पाहून जमला असता त्यापेक्षा वाईट अंदाज बांधला.

माणूस निवडताना हीच अडचण येते. मोकळ्या गप्पांतून माणूस ‘कळल्यासारखा’ वाटतो, पण तसं वाटण्याचा आणि खरंच काही कळण्याचा संबंध फार कच्चा असतो.

तो किती कच्चा, हे सहसंबंध गुणांकानं मोजतात. निवडीच्या वेळी दिलेले गुण आणि नंतरचं प्रत्यक्ष काम किती जुळतं ते हा आकडा सांगतो: ० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे तंतोतंत. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली अनेक दशकांचं संशोधन नव्यानं तपासलं, तेव्हा मोकळ्या मुलाखतीचा गुणांक ०.१९ निघाला, आखीव मुलाखतीचा, म्हणजे प्रश्न आणि गुण द्यायची पट्टी आधीच ठरलेल्या मुलाखतीचा, ०.४२. कामाच्या ज्ञानाची परीक्षा ०.४०, प्रत्यक्ष कामाची चाचणी ०.३३. आणि अनुभवाची वर्षं? ०.०७. जाहिरातीतली ‘किमान ५ वर्षांचा अनुभव’ ही ओळ एवढ्याच लायकीची आहे.

या दशांश अपूर्णांकांची माणसं करून पाहू. १०० अर्ज आले, त्यांतले ५० जण काम नीट पेलणारे, जागा २०. चिठ्ठ्या टाकून निवड केली तर २० पैकी १० चांगले मिळतील. गुणांक ०.२० असेल तर सुमारे १२, ०.४० असेल तर १४ ते १५. हा हिशेब टेलर आणि रसेल यांनी १९३९ साली तक्त्यांत मांडून ठेवला आहे. त्याच तक्त्यांतून आणखी एक गोष्ट दिसते. २० जागांसाठी २२च अर्ज आले असतील, तर उत्तमातली उत्तम पद्धतही फारसं काही करू शकत नाही. तेव्हा मुलाखती लांबवण्यापेक्षा अर्ज वाढवण्यामागे लागावं.

आता ‘आपल्यात जमेल’ याकडे येऊ. यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात: माणूस कामाला जुळणं आणि माणूस संस्थेला जुळणं. क्रिस्टॉफ-ब्राउन यांच्या २००५ सालच्या विश्लेषणात संस्थेशी जुळण्याचा समाधानाशी आणि टिकून राहण्याच्या इच्छेशी चांगला संबंध दिसला, पण काम चांगलं होण्याशी अगदी क्षीण. दोन्ही हवंच, फक्त एकाचे गुण दुसऱ्याच्या खात्यात टाकू नयेत. शिवाय संस्थेशी जुळणं म्हणजे नेमकं काय, हे आधी लिहून काढलं नाही तर त्याची जागा आवडीनिवडी घेतात. लॉरेन रिव्हेरा यांनी २०१२ साली बड्या व्यावसायिक कंपन्यांच्या भरतीवर लिहिलं, त्यात छंद आणि फावल्या वेळातल्या गोष्टी जुळणं हा निवडीचा भक्कम आधार असल्याचं दिसलं. याच्याशी गप्पा रंगल्या, म्हणून हा आपल्यातला!

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ साली मांडलेल्या पद्धतीपासून सुरुवात करावी. ते काम आज करणाऱ्यांना आणि त्यांच्या वरिष्ठांना प्रसंग विचारायचे: इथे काम फार छान झालं किंवा पार बिघडलं असं कधी घडलं, आणि त्या माणसानं नेमकं काय केलं? असे १५-२० प्रसंग जमले की त्यांतून कामाला लागणारे चार ते सहा गुणविशेष आपोआप वेगळे होतात. ‘मेहनती’, ‘सकारात्मक’ असले शब्द इथे गाळावेत. ‘चूक लक्षात येताच वरिष्ठांना कळवतो’ हे मोजता येतं.

प्रत्येक गुणविशेषासाठी दोन प्रश्न पुरतात, एक घडलेल्याबद्दल, एक कल्पित प्रसंगावर. उदाहरणार्थ: ‘तुमच्याकडून ग्राहकाला चुकीचा माल गेला असं तुम्हाला कळलं, ग्राहकाला अजून कळलेलं नाही. काय कराल?’ उत्तरांची पट्टी आधीच लिहून ठेवायची. तक्रार येईपर्यंत थांबेन, १ गुण. वरिष्ठांना विचारेन, ३. ग्राहकाला स्वतः कळवेन, माल बदलायची तारीख देईन आणि चूक कुठे झाली ते शोधेन, ५. प्रश्न सगळ्यांना तेच, त्याच क्रमानं. प्रत्येक उत्तरानंतर लगेच गुण द्यायचे. मुलाखत घेणाऱ्यांनी एकमेकांशी बोलण्याआधी आपापले गुण लिहून टाकायचे, नाहीतर ज्याचा आवाज मोठा किंवा हुद्दा वरचा त्याचंच मत सगळ्यांचं होतं.

एकेक गुणविशेष सुटा मोजण्याचं कारण जुनं आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांना १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनात दिसलं, की एखाद्याबद्दल एक मत चांगलं झालं की बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व अशा सगळ्या रकान्यांत गुण चढतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांनी १९५५ च्या सुमारास इस्रायली सैन्यासाठी सहा गुणविशेष एकामागून एक मोजायची मुलाखत आखली. मुलाखत घेणारे वैतागले, म्हणून शेवटी डोळे मिटून एक अंदाजी गुण द्यायची मुभा दिली. तो अंदाजही उपयोगी ठरला, अगदी सहा गुणविशेषांना दिलेल्या गुणांच्या बेरजेइतका. थोडक्यात, अंतर्ज्ञानाला बंदी नाही. त्याची पाळी शेवटी यावी.

कामाची चाचणी ३० ते ६० मिनिटांची असावी. साहित्य, वेळ आणि सूचना सगळ्यांना सारख्या. ती अर्धा दिवस चालणार असेल तर मोबदला द्यावा. जे कौशल्य तुम्ही रुजू झाल्यावर शिकवणार आहात, त्याची चाचणी घेण्यात मात्र अर्थ नाही. तिथे थोडं शिकवून लगेच करायला लावावं आणि दुसऱ्या प्रयत्नात किती फरक पडला ते पाहावं. कामातला रटाळ भाग, पाळ्या, नकार झेलणं हेही निवडीआधीच दाखवावं. काही उमेदवार स्वतःहून मागे फिरतील, आणि ते तीन महिन्यांनी सोडून जाण्यापेक्षा स्वस्त पडतं.

सहा महिन्यांनी मुलाखतीचे गुण आणि कामाचे गुण शेजारी ठेवून पाहावेत. चार-पाच नेमणुकांवरून काही सिद्ध होत नाही, आणि ज्यांना नाकारलं ते कसे निघाले असते हे तर कधीच दिसत नाही. त्यामुळे चांगली पद्धतही कागदावर असते त्यापेक्षा कमकुवत दिसते. कामाचे गुण देणाऱ्या वरिष्ठाला मात्र मुलाखतीचे गुण आधी दाखवू नयेत. ते पाहिले की तो नकळत त्यांच्याच आसपास गुण देतो, आणि तपासणी फुकट जाते.