वन रँक वन पेन्शन : ‘आपोआप’ हा शब्द कुठे गेला?

नाशिक रोडला तोफखान्याचे केंद्र, देवळालीत तोफखान्याची शाळा. त्यामुळे भगूर, विहितगाव, देवळाली कॅम्प या पट्ट्यात निवृत्त नायक, हवालदार, सुभेदार पदोपदी भेटतात. त्यांच्या मागण्या अनेक आहेत, पण गेली दहा वर्षे बोलणे फिरून फिरून ओआरओपीवरच, म्हणजे ‘वन रँक वन पेन्शन’वरच (समान हुद्द्याला समान पेन्शन) येते. का येते, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

जवान पस्तिशी-चाळिशीत घरी परततो. मुले अजून शाळेत असतात आणि बरेच जण सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या गेटवर सुरक्षारक्षक म्हणून उभे राहतात. नागरी कर्मचारी साठीपर्यंत वेतनवाढी घेतो. जवानाचे पेन्शन मात्र तो बाहेर पडला त्या दिवसाच्या पगाराला बांधलेले. मग हुद्दा तोच आणि सेवेची वर्षेही तितकीच, पण आधी निवृत्त झालेल्याच्या हाती कमी पैसे, अशी स्थिती दर वेतन आयोगानंतर येत गेली.

माजी सैनिकांच्या मांडणीनुसार या दुखण्याचे मूळ 1973 मध्ये आहे. जवानांचे पेन्शन शेवटच्या पगाराच्या 70 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर आले आणि त्याच वेळी नागरी सेवकांचे वाढून 50 टक्के झाले. पुढे 17 डिसेंबर 1982 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनधारकांत मनमानी भेद करायला नकार दिला. तरी फौजेतली तफावत काही मिटली नाही. 2008 नंतर माजी सैनिकांनी आपली पदके परत केली, तेव्हा कुठे दिल्लीत हालचाल झाली.

खरी मेख आहे व्याख्येत. डिसेंबर 2011 मध्ये एका संसदीय समितीने ती स्पष्ट मांडली होती : हुद्दा आणि सेवाकाल सारखा असेल तर निवृत्तीची तारीख कोणतीही असो, पेन्शन सारखे, आणि पुढे होणारी प्रत्येक वाढ जुन्यांनाही आपोआप लागू. माजी सैनिकांनी हाच अर्थ धरला. 15 जून 2015 पासून जंतरमंतरवर साखळी उपोषण सुरू झाले. 14 ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, पोलिसांनी त्या वृद्धांना तिथून हटवायला सुरुवात केली. ती दृश्ये देवळालीत पाहिलेली माणसे आजही विसरलेली नाहीत.

5 सप्टेंबरला घोषणा झाली आणि 7 नोव्हेंबर 2015 ला आदेश निघाला. 1 जुलै 2014 पासून लाभ आणि 2013 मध्ये निवृत्त झालेल्यांच्या किमान व कमाल पेन्शनची सरासरी हा आधार. सरासरीपेक्षा जास्त मिळत असेल त्याचे कमी होणार नाही. मात्र ‘आपोआप’ जाऊन ‘ठरावीक काळाने’ आले आणि तो काळ ठरला पाच वर्षांचा. पाच वर्षांत नवे निवृत्त पुढे निघून जातात, जुने मागे राहतात आणि मगच दरी बुजवली जाते. म्हणजे मधली वर्षे एक हुद्दा, दोन पेन्शन! सरकारचे म्हणणे असे की दरवर्षी फेररचना करणे खर्चाच्या आणि प्रशासनाच्या दृष्टीने झेपणारे नाही. खर्च मोठा आहे, हे खरेच. पण जे झेपत नव्हते, त्याला तेच नाव द्यायला नको होते. आदेशात आणखी एक अट होती : यापुढे स्वतःच्या विनंतीवरून मुदतीआधी सेवा सोडणाऱ्यांना हा लाभ नाही.

16 मार्च 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने हा धोरणाचा विषय ठरवून पाच वर्षांची पद्धत मान्य केली. मात्र 1 जुलै 2019 पासूनची फेररचना करून थकबाकी 3 महिन्यांत देण्यास सांगितले. मंत्रिमंडळाची मंजुरी आली 23 डिसेंबर 2022 ला. मार्च 2023 मध्ये न्यायालयाला हप्त्यांच्या तारखाच ठरवून द्याव्या लागल्या : कुटुंब पेन्शनधारक आणि शौर्यपदक विजेते 30 एप्रिलपर्यंत, सत्तरी ओलांडलेले 30 जूनपर्यंत आणि उरलेल्यांचा शेवटचा हप्ता 28 फेब्रुवारी 2024 पर्यंत. 2019 चे पैसे 2024 मध्ये.

दरम्यान 14 जून 2022 ला सैन्यभरतीची अग्निपथ योजना जाहीर झाली; तिच्यातून भरती होणारे ते अग्निवीर. 4 वर्षांची सेवा, त्यातले जास्तीत जास्त 25 टक्के पुढे कायम. बाकीच्यांना सेवानिधीचे सुमारे 11.71 लाख रुपये, पेन्शन नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये देवळालीत तोफांच्या सरावावेळी 2 अग्निवीर मृत्युमुखी पडले, तेव्हा हा विषय नाशिककरांच्या दारात येऊन उभा राहिला. विमा आणि सानुग्रह रक्कम मिळते, पण नियमित जवानाच्या पत्नीला किंवा आईवडिलांना जे कुटुंब पेन्शन मिळते ते अग्निवीराच्या घरी येत नाही.

1 जुलै 2024 पासून तिसरी फेररचना लागू झाली. पाच वर्षांच्या नियमाने पुढची 1 जुलै 2029 ला. 1971 च्या युद्धात वीस वर्षांचा असलेला जवान तेव्हा 78 वर्षांचा असेल.