काढता येणाऱ्या मापाच्या कपाची बाटली: पेटंट आणि डिझाइन नोंदणीचा अर्ज कसा करावा

पेयाची बाटली, तिच्यावर बसणारा मापाचा कप, आणि तो हवा तेव्हा काढता यावा अशी सोय. अशी वस्तू कागदावर उतरली की लगेच प्रश्न येतो, "याचं पेटंट घ्यायचं ना?" हा प्रश्न अर्धाच आहे. वस्तू कशी दिसते याचं संरक्षण डिझाइन नोंदणीने होतं, ती कशी चालते याचं पेटंटने. अर्ज वेगळे, कागद वेगळे, मुदतीही वेगळ्या. एकाच बाटलीसाठी दोन्ही अर्ज करता येतात आणि बऱ्याचदा करावेही लागतात.

आधी ठरवा, नवीन काय आहे

मापाचं काम करणारं झाकण ही कल्पना जुनी आहे. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर ते असतंच. पेटंटच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अशा झाकणांना चक्क स्वतःचा खण आहे: बी६५डी ४१/२६, म्हणजे पिण्याचं किंवा मापाचं भांडं म्हणून वापरता येणारी झाकणं. ज्या गोष्टीला स्वतंत्र खण मिळाला, तिच्यावर आधीच किती अर्ज पडले असतील याचा अंदाज करा. "बाटलीला मापाचा कप जोडला" एवढ्यावर कोणताही परीक्षक पेटंट देणार नाही.

नावीन्य सापडलंच तर ते जोडात सापडेल. कप पाव फेऱ्यात कसा अडकतो, कप काढताना मूळ सील उघडत नाही ते कशामुळे, कपात उरलेले थेंब परत बाटलीत कसे जातात, उलटं धरून माप घेताना हवा आत कुठून शिरते. यातलं तुमचं नेमकं काय, ते एका वाक्यात लिहून काढा. ते वाक्य जमत नसेल तर पेटंटचा अर्ज थांबवा आणि डिझाइन नोंदणीकडे वळा. तिथे रूप नवीन असलं तर पुरतं.

त्यानंतर शोध. एस्पेसनेट आणि पेटंटस्कोप हे पेटंटच्या अर्जांचे दोन्ही ऑनलाइन संग्रह मोफत आहेत. शब्दांवर विसंबू नका; "कप" हा शब्दही न वापरता त्याच वस्तूवर अर्ज लिहिलेला असतो. वरचा खण, शिवाय द्रव मोजण्याच्या भांड्यांचा जी०१एफ १९/००, आणि जोडीला पूरक साधन असलेल्या झाकणांचा बी६५डी ५१/२४, एवढं चाळून काढलं तरी बरंच चित्र स्पष्ट होतं. चित्रं बघा, मग दावे वाचा, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितलाय ते सांगणारी वाक्यं.

अर्ज कोण करू शकतो

ज्याने कल्पना प्रत्यक्षात आणली तो, किंवा ज्याच्या नावे त्याने हक्क लिहून दिला ती व्यक्ती वा संस्था. दोघांनी मिळून काम केलं असेल तर दोघांचीही नावं लागतात. पैसे घालणारा भागीदार केवळ पैसे घातले म्हणून संशोधक ठरत नाही.

खरी गुंतागुंत होते ती बाहेरच्या डिझायनरकडून काम करून घेतल्यावर. बिल चुकतं केलं म्हणजे हक्क आपोआप तुमच्याकडे आला, असं सगळीकडे धरलं जात नाही. लेखी हस्तांतरणपत्र अर्जाआधीच सही करून घ्या. नंतर तोच डिझायनर दुसऱ्या कंपनीत गेला की सही मिळवणं कर्मकठीण. नोकरीत असताना केलेलं काम, विद्यार्थ्याचा प्रकल्प, साच्याच्या कारखान्यातल्या कारागिराने सुचवलेला बदल, या सगळ्यांत मालक कोण हे आधी कागदावर आणलेलं बरं.

अर्जाआधी दाखवू नका

इथे चूक फक्त मराठी उद्योजकांचीच होते असं नाही. सगळ्या देशांतले लोक ती करतात. नमुना तयार झाला की फोटो टाकतात, प्रदर्शनात मांडतात, पूर्वनोंदणीने पैसे गोळा करतात. सार्वजनिक झालेली वस्तू कायद्याच्या नजरेत नवीन राहत नाही. अमेरिका आणि जपान स्वतःच उघड केलेल्या गोष्टीसाठी एक वर्षाची सवलत देतात, युरोपीय संघही डिझाइनसाठी बारा महिने देतो. पण युरोपीय पेटंट कार्यालय याबाबतीत फार कडक आहे आणि भारतातली सवलतही मोजक्या परिस्थितींपुरतीच आहे. सवलतीच्या भरवशावर राहू नये. साचेवाल्याला रेखाचित्रं पाठवायची असतील तर आधी गुप्ततेचा करार करा.

डिझाइन नोंदणीचे कागद

अर्जाचा नमुना, अर्जदाराचं नाव-पत्ता-राष्ट्रीयत्व, एजंटमार्फत अर्ज असेल तर मुखत्यारपत्र, आधीच्या अर्जाचा आधार घ्यायचा असेल तर त्याची प्रमाणित प्रत, आणि शुल्क. हे सगळं अर्ध्या दिवसात जमतं. वेळ जातो तो चित्रांत, आणि नोंदणीची ताकदही चित्रांतच असते, कारण संरक्षण मिळतं ते चित्रात दिसतं तेवढ्यालाच.

समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून आणि एक तिरकं, अशी सात दृश्यं ही नेहमीची पद्धत. या बाटलीसाठी तेवढी पुरत नाहीत. कप बसवलेला आणि कप काढलेला, दोन्ही अवस्था दाखवा, कारण कप काढल्यावर उघडी पडणारी बाटलीची मान हाही रूपाचाच भाग आहे. सगळ्या दृश्यांत वस्तू तंतोतंत एकच असायला हवी. एका चित्रात कडेला गोलाई आणि दुसऱ्यात धार, एवढ्यावरही आक्षेप येतो. बाटलीत पेय भरलेलं दाखवू नका.

मापाच्या रेषा आणि आकडे यांचं काय? भारतीय नोंदणीत अंक, अक्षरं, शब्द यांवर हक्क मिळत नाही आणि तसं निवेदन चित्रांसोबत द्यावं लागतं. अमेरिकेत ज्या भागावर हक्क नको तो तुटक रेषांनी काढतात. आट्यांचा आकार केवळ कामासाठी ठरलेला असतो, त्यावर डिझाइनचा हक्क मागून उपयोग नाही. ते पेटंटचं क्षेत्र.

कप वेगळा नोंदवावा का? माझ्या मते, हो. भारताच्या २००० सालच्या डिझाइन कायद्यात "वस्तू" या व्याख्येत स्वतंत्रपणे बनवता आणि विकता येणारा भागही येतो. उद्या कोणी नुसता तुमच्यासारखा कप दुसऱ्या बाटलीसाठी विकायला काढला, तर केवळ संपूर्ण बाटलीची नोंदणी घेऊन भांडणं अवघड जाईल. वर्गवारी लोकार्नो पद्धतीने, म्हणजे डिझाइनच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने होते: बाटल्या ०९-०१, झाकणं आणि बंद करण्याची साधनं ०९-०७, मापनाची इतर साधनं १०-०४. वर्ग वेगळे पडले तर अर्जही वेगळे करावे लागू शकतात.

पेटंटचे कागद

शीर्षक, वर्णन, दावे, सारांश, रेखाचित्रं, आणि संशोधक कोण याचं निवेदन. आंतरराष्ट्रीय अर्जात सारांश शक्यतो ५० ते १५० शब्दांचा असावा लागतो. सगळ्यात महत्त्वाचे दावे, आणि हे काम स्वतः करण्याचा हट्ट धरू नये. "प्लॅस्टिकचा कप" असं लिहिलं की स्टीलचा कप करणारा मोकळा. "आट्यांनी जोडलेला" लिहिलं की खटक्याने जोडणारा मोकळा. उलट फारच मोघम लिहिलं की दावा जुन्या झाकणांवर जाऊन आदळतो.

नमुना अजून पक्का नसेल तर भारत, अमेरिका, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत तात्पुरता अर्ज करून तारीख धरता येते आणि बारा महिन्यांत पूर्ण अर्ज द्यायचा. मात्र तात्पुरत्या अर्जात जे लिहिलंच नाही त्याला ती तारीख मिळत नाही. जोडाची रचना त्यातही नीट यायला हवी.

अर्ज दिल्यानंतर

आधी कागदांची छाननी. पेटंट अर्ज साधारण अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. अनेक देशांत परीक्षणाची वेगळी विनंती आणि वेगळं शुल्क लागतं; ती मुदत चुकली तर अर्ज बाद. मग आक्षेप येतात. ते बहुतेकांना येतात, म्हणून पहिल्या पत्राने खचून जाऊ नये; दावे थोडे आवळून उत्तर देता येतं. डिझाइनच्या बाबतीत देशागणिक फरक मोठा. भारतात नावीन्य तपासूनच नोंदणी होते, तर युरोपीय संघाचं कार्यालय नावीन्य तपासतच नाही. तिथलं प्रमाणपत्र पटकन हाती येतं, त्याची परीक्षा होते ती वाद उभा राहिल्यावर.

पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं, दरम्यान नूतनीकरण शुल्क भरत राहायचं. डिझाइन भारतात दहा अधिक पाच वर्षं, युरोपीय संघात पाच-पाच करत पंचवीसपर्यंत, अमेरिकेत मंजुरीपासून पंधरा.

इतर देशांत जायचं असेल तर

जगभर चालणारं एकच पेटंट नसतं. १८८३ च्या पॅरिस करारानुसार पहिल्या अर्जाची तारीख धरून दुसऱ्या सदस्य देशांत जाता येतं: पेटंटसाठी बारा महिने, डिझाइनसाठी फक्त सहा. लोक बारा महिने डोक्यात ठेवतात आणि डिझाइनची मुदत हातची घालवतात. पेटंट सहकार्य करारातून, म्हणजे एकाच आंतरराष्ट्रीय अर्जाने गेलात तर बहुतेक देशांत जाण्याचा निर्णय पहिल्या तारखेपासून तीस महिन्यांपर्यंत लांबवता येतो. डिझाइनसाठी हेग पद्धत आहे, म्हणजे एकाच अर्जाने अनेक सदस्य देशांत नोंदणी मागण्याची सोय. एका अर्जात, एकाच लोकार्नो वर्गातली, शंभरपर्यंत डिझाइन. तिची पात्रता राष्ट्रीयत्व, वास्तव्य किंवा खराखुरा व्यवसाय सदस्य देशात असण्यावर ठरते.

युरोपात विकायचं असेल तर एक गोष्ट चित्रं काढण्याआधी बघा. युरोपीय संघाच्या २०१९/९०४ या निर्देशानुसार, तीन लिटरपर्यंतच्या एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक पेयपात्राचं प्लॅस्टिक झाकण ३ जुलै २०२४ पासून वापरादरम्यान पात्राला जोडलेलंच राहायला हवं. म्हणजे तुमचा कप हेच झाकण असेल आणि बाटली एकदाच वापरायची असेल, तर "काढता येणारा" हा गुणच अडचणीचा. पुन्हा भरायच्या बाटलीला हा नियम नाही, काचेच्या आणि धातूच्या पात्रांनाही नाही. नाहीतर कप झाकणावर वेगळा बसवा किंवा बाटलीच्या तळाशी न्या. आणि हा बदल अर्जाआधी करा, कारण दिलेल्या अर्जात नंतर नवी रचना घुसडता येत नाही.

पेटंट किंवा नोंदणी मिळाली म्हणजे विक्रीचा परवाना मिळाला असं नव्हे. अन्नाला लागणाऱ्या प्लॅस्टिकचे नियम वेगळे. कप वापरून दुकानात मापाने पेय विकलं जाणार असेल तर वजनमापाचे नियमही लागू होतात. युरोपात पेय वाढण्याच्या मापांसाठी मोजमाप साधनांच्या निर्देशात वेगळं प्रकरणच आहे.

अर्ज दाखल झाल्यावर वेष्टनावर "पेटंट प्रलंबित" लिहिता येतं. मंजुरीआधी "पेटंटप्राप्त" असं छापणं मात्र अनेक देशांत गुन्हा आहे. म्हणून हा मजकूर साच्यात कोरू नका, लेबलवर छापा. लेबल बदलणं साच्यापेक्षा स्वस्त पडतं.