देखभालीच्या करारातून वाढलेली कंपनी

एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा काढायला तालुक्याच्या एका कचेरीत गेलो होतो. खिडकीपलीकडच्या बाईंनी पडद्यावरची नजर न हलवता सांगितले, "सर्व्हर डाउन आसा, फाल्यां येयात." म्हणजे उद्या या. गोव्यात हे वाक्य इतके अंगवळणी पडले आहे की रांगेतले कुणी रागावलेही नाही. एक आजोबा छत्री उचलून निघाले, बाकीचे त्यांच्या मागे. माझे लक्ष संगणकाच्या कडेला चिकटवलेल्या कागदी पट्टीवर अडकले. वार्षिक देखभाल कराराची पट्टी ती. छापलेली मुदत पेनाने खोडून पुढची तारीख घातलेली, तीही खोडून आणखी पुढची.

सरकारला संगणक, सॉफ्टवेअर आणि सल्ला पुरवणाऱ्या कंपन्यांची हकीगत या पट्टीपासूनच सुरू करावी लागते. भारतात या धंद्यात नाव काढलेली जी मोठी सरकारी कंपनी होती, ती मुळात दुसऱ्यांनी बसवलेली यंत्रे चालू ठेवण्यासाठी काढलेली. तिच्या नावातच ते होते: कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. पुढे सगळे तिला सीएमसी म्हणू लागले.

ती का काढावी लागली, हे समजायला आयबीएमकडे जावे लागते. ही अमेरिकी कंपनी 1951 पासून भारतात होती. साठच्या दशकात संरक्षण, रेल्वे, विमा अशा ठिकाणी तिची यंत्रे आली, पण ती बहुतेक भाड्याने. भाड्याच्या यंत्राची गंमत अशी की ते तुमच्या खोलीत असते, वीज तुमची जळते, पण झाकण उघडण्याचा अधिकार तुमचा नसतो. सुटे भाग त्यांचे, अभियंता त्यांचा, माहितीपुस्तिका त्यांची. त्यात परदेशात जुनी झालेली, '1401' या नमुन्यासारखी यंत्रे डागडुजी करून इथे भाड्याने दिली जात. संसदेच्या लोकलेखा समितीने या व्यवहारावर सडकून टीका केली.

संगणक हवा की नको, हा वाद तेव्हा वेगळाच पेटलेला होता. आयुर्विमा महामंडळातल्या कामगार संघटनांचा विरोध तीव्र होता, कारण यंत्र आले की कारकून घरी जाणार अशी धास्ती. स्वयंचलनाचा प्रश्न तपासायला केंद्राने समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकरांकडे दिले. 1972 मध्ये तिचा अहवाल आला. आज उताऱ्यासाठी संगणकाची वाट पाहणाऱ्याला ही भीती पोरकट वाटेल. मला तशी वाटत नाही. नोकऱ्या गेल्या नसतील, पण त्यांचे रूप पार पालटले. ते कसे, याचा एक नमुना शेवटी येईलच.

परकीय चलन नियमन कायदा 1973 चा. तो लागू झाल्यावर परदेशी कंपन्यांना इथल्या व्यवसायातला हिस्सा 40 टक्क्यांवर आणणे भाग पडले. आयबीएमने नकार दिला. जनता सरकारच्या काळात, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, कोका-कोला गेली आणि आयबीएमनेही गाशा गुंडाळला. 1978 मध्ये तिचे इथले काम थांबले.

सीएमसी मात्र त्याआधीच, डिसेंबर 1975 मध्ये स्थापन झाली होती. हे महत्त्वाचे आहे, कारण आयबीएम गेल्यावर धावाधाव करून ती उभी केली असा समज आहे. कुठल्याही बनावटीच्या यंत्राची देखभाल एकाच ठिकाणी व्हावी आणि विकणाऱ्याची मक्तेदारी मोडावी, हा हेतू आधीपासूनचा होता. आयबीएम गेली तेव्हा देशभरातल्या सुमारे 800 ठिकाणच्या यंत्रांची जबाबदारी तिच्या अंगावर पडली. आयबीएममधले बरेच अभियंते इकडे आले. काहींनी आयडीएम नावाची स्वतःची कंपनी काढली.

इथेच या धंद्याचे मर्म आहे. दुरुस्ती करणारा माणूस यंत्राबरोबर त्या कचेरीचे काम शिकतो. महिनाअखेरीला पगारपत्रक का अडते, कुठला साहेब कुठली यादी मागतो, कुठल्या कपाटात कुठली वही आहे, हे त्याला कळत जाते. विकणारा येतो आणि जातो, दुरुस्त करणारा पुन्हा पुन्हा येतो. उद्या त्या खात्याला नवी प्रणाली हवी असेल तर सल्ला कुणाला विचारणार? 1984 मध्ये कंपनीने अधिकृत नाव नुसते 'सीएमसी' केले आणि 'मेंटेनन्स' हा शब्द पाटीवरून उतरला. तोवर पी. पी. गुप्तांसारख्या प्रमुखांच्या हाताखाली ती सॉफ्टवेअर लिहू लागली होती.

तिचे सर्वात गाजलेले काम म्हणजे रेल्वे आरक्षण. 1985-86 मध्ये दिल्लीत 'इम्प्रेस' ही प्रणाली सुरू झाली. आमच्या पिढीतल्या गोंयकाराला त्याची किंमत सांगावी लागत नाही. त्याआधी प्रत्येक गाडीची वेगळी वही, वहीप्रमाणे वेगळी खिडकी. परतीचे आरक्षण तारेने कळवायचे आणि ते मिळाले का हे तिथे पोचल्यावर समजायचे. गोव्याला तर मीटरगेजच होता. वास्कोहून निघायचे, कॅसलरॉक, लोंढा करत मिरजेला उतरायचे, बोजे डोक्यावर घेऊन ब्रॉडगेजची गाडी गाठायची. मुंबईत कूडवर, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोलीवर, राहणारे कितीतरी जण या भानगडीपेक्षा रात्रीची बस पत्करत. इम्प्रेसमुळे एकाच खिडकीवर कुठल्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. वरकरणी ही साधी गोष्ट. पण डबे, कोटे, प्रतीक्षायादी, सवलती, मधल्या स्थानकांचे वाटे हे सारे जुने नियम बाबूंच्या डोक्यातून काढून कागदावर आणि तिथून यंत्रात घालायचे, हे काम कुणी केले असेल त्याला माझा नमस्कार.

पुढे आरक्षण रेल्वेच्याच 'क्रिस' या संस्थेकडे गेले आणि नव्वदच्या दशकात तिची 'कॉन्सर्ट' प्रणाली आली. कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्गावर सुरू झाली तोपर्यंत वहीचा जमाना सरला होता. सीएमसी तेव्हा आणखी कुठेकुठे पोचली होती. 1991 मध्ये तिने बॅटन रूज इंटरनॅशनल ही अमेरिकी कंपनी विकत घेतली. 1995 मध्ये मुंबई शेअर बाजारात आरडाओरडा करून होणारे सौदे थांबून पडद्यावरचे 'बोल्ट' आले, ती प्रणालीही तिचीच. पोलिसांसाठी बोटांच्या ठशांची जुळणी करणारी 'फॅक्ट्स' हीसुद्धा.

सीएमसी कंपनी होती, बिल लावत होती. तिच्याच काळात, 1976 मध्ये, एन. शेषगिरी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र म्हणजे एनआयसी उभे राहिले. ते सरकारचेच अंग. राजधान्यांपासून जिल्ह्यांपर्यंत कचेऱ्या जोडण्याचे काम त्याचे, आणि गोव्यातल्या जमिनीच्या नोंदी संगणकावर गेल्या त्या एनआयसीच्या मदतीने.

आपल्याकडे जमिनीचा कागद हा जिवाचा विषय. 1526 च्या आफोन्सो मेशियाच्या फोरालमध्ये, म्हणजे पोर्तुगीज सनदेत, गावकारीचे म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या व्यवस्थेचे रीतिरिवाज लिहून ठेवले गेले. मुक्तीनंतर 1968 ची जमीन महसूल संहिता आली, मोजणी झाली, आणि एक-चौदा नावाचा तक्ता घरोघरी परिचयाचा झाला. पोर्तुगीज दस्तातले नाव, मोजणीतले नाव आणि आता पडद्यावरचे नाव, तिन्ही जुळतात का हे पाहण्यात एका कुटुंबाच्या दोन पिढ्या जाऊ शकतात. संगणकाने उतारा लवकर दिला. त्यातली चूक मात्र होती तशीच, फक्त स्वच्छ छापून दिली.

सरकारी कंपनीच्या यंत्रावर संबंध गोव्याने एकाच वेळी विश्वास टाकला तो 1999 च्या विधानसभा निवडणुकीत. सर्वच्या सर्व 40 मतदारसंघांत मतदानयंत्रे वापरणारे गोवा हे पहिले राज्य. यंत्रे बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची ईसीआयएल या सरकारी कंपन्या बनवत. लहान राज्य असण्याचे काही फायदे असतात, काही वेळा आपण प्रयोगशाळा होतो.

स्वतःची अशी कंपनी गोव्यानेही काढून पाहिली. सीएमसीच्याच सालात, 1975 मध्ये, आर्थिक विकास महामंडळ म्हणजे ईडीसी सुरू झाले. ईडीसीची उपकंपनी गोवा इलेक्ट्रॉनिक्स आज खात्यांना सॉफ्टवेअर, यंत्रसामग्री आणि कंत्राटी माणसे पुरवते. नंतर माहिती तंत्रज्ञान महामंडळ आले. पंचायतींपर्यंत जाणारे ब्रॉडबँड जाळे मात्र बंगळूरच्या युनायटेड टेलिकॉम्सने टाकले. मनोहर पर्रीकर हे आयआयटीत शिकलेले मुख्यमंत्री. त्यांच्या काळात शाळकरी मुलांच्या घरात संगणक गेले आणि 2018 मध्ये माहिती तंत्रज्ञान धोरणही जाहीर झाले. दोनापावल्याचा आयटी हॅबिटॅट, म्हणजे संगणक कंपन्यांसाठीची वसाहत, मात्र रखडला तो रखडलाच. चिंबलचा प्रकल्प गावकऱ्यांच्या विरोधात अडकला. तुयेची जागा आहे, पाटी आहे. इमारत आधी आणि काम मागून ही आपली खोड. सीएमसीकडे निदान दुरुस्तीचे काम आधी होते.

तिचा शेवट फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. 2001 मध्ये निर्गुंतवणुकीत केंद्राने आपला 51 टक्के हिस्सा टाटांना 152 कोटी रुपयांना विकला. त्याच वर्षी बाल्को या सरकारी ॲल्युमिनियम कंपनीच्या विक्रीवरून केवढे रण माजले होते. इथे तसे काही झाले नाही. इथे विकले गेले ते मुख्यतः माणसांच्या डोक्यातले ज्ञान, आणि त्याची किंमत ठरवायला मोजपट्टी नसते. 152 कोटी कमी की जास्त हे मला ठरवता येत नाही, पण आरक्षण आणि शेअर बाजार उभा करणाऱ्या कंपनीला हा आकडा मला लहान दिसतो. उरलेला सरकारी हिस्सा 2004 मध्ये बाजारात गेला. 2015 मध्ये सीएमसी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये विलीन झाली आणि नाव संपले.

त्याच टाटा कन्सल्टन्सीला 2008 मध्ये पासपोर्ट सेवेचे कंत्राट मिळाले होते. पासपोर्ट हा गोव्यात नुसता प्रवासाचा कागद नव्हे. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला जन्मनोंद करायची की नाही, भारतीय पासपोर्ट परत करायचा की नाही, यावर जेवणाच्या टेबलावर घरे विभागतात. केंद्रात अर्ज घेणारी, फोटो काढणारी मुलगी कंपनीची असते, मंजुरी देणारा अधिकारी सरकारचा. रांगेतल्या माणसाला दोघांतला फरक कळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या कचेरीत गेलो. यंत्राशेजारी डिचोलीकडचा एक तरुण वाकून तारा तपासत होता. कुठल्या कंपनीत आहेस, असे विचारले तर त्याने तीन नावे घेतली. पगार एकीचा, काम दुसरीचे, मूळ करार तिसरीचा. या तालुक्यात तो सहा वर्षे येतो आहे. वहीतल्या कुठल्या पानावरची नोंद पडद्यावर चुकीची चढली आहे, हे त्याला खिडकीतल्या बाईंच्या आधी ठाऊक असते. बाई त्याला "बाबू, ते सर्व्हे नंबराचे बघ रे," म्हणत होत्या. माझा उतारा निघाला. त्याने खिशातले पेन काढून पट्टीवरची तारीख खोडली आणि उरलेल्या जागेत, थोडे तिरके, पुढच्या वर्षीची घातली.